रूथ मंडळाची पाळी

कोरीन गेली मंगळवारी, आणि गुरुवारी सकाळी आर्डिसला लव्हॉनचा फोन आला.

"शनिवारी आपल्या मंडळाची पाळी आहे," लव्हॉन म्हणाली. "दीडशे माणूस धरून चालू. हॅमचे बन तूच करशील ना, नेहमीसारखे?"

"करते," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर दोघींच्याही लक्षात आलं असणार, आपण काय बोललो ते. आमच्या चर्चमध्ये बायकांची दोन मंडळं, रूथ आणि मार्था. कुणी गेलं की अंत्यविधीनंतरचं जेवण दोन्ही मंडळं पाळीपाळीनं करतात. ज्या बाईच्या घरचं माणूस गेलं, तिच्या मंडळानं मात्र स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, दुसऱ्यांनी सांभाळायचं. लव्हॉन तीस वर्षं रूथ मंडळाची प्रमुख. तिनं सवयीनं पाळीचा कागद पाहिला, सवयीनं फोन फिरवला. आर्डिसनंही सवयीनं हो म्हटलं.

आता परत फोन करायचा, तर एक शब्द तोंडातून काढावा लागला असता. मिनेसोटातल्या या नऊशे वस्तीच्या गावात तो शब्द, आर्डिस आणि कोरीन एका घरात राहायला लागल्यापासूनच्या एकतीस वर्षांत, कुणी काढला नव्हता. म्हणजे लोक वाईट वागले म्हणता? छे! ख्रिसमसचं कार्ड दोघींना मिळून एकच यायचं, दोघींची नावं घालून. बर्फात गाडी अडकली की चार शेजारी फावडी घेऊन हजर. फक्त बोलायचं नाही. आमच्याकडची माया ही अशी, तोंडाला कुलूप लावून केलेली. आणि त्या दोघी तरी काय कमी होत्या! चार वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन लग्न केलं, येताना ट्रॅक्टरचा पट्टा घेऊन आल्या, आणि लग्नाचा कागद ड्रॉवरमध्ये टाकून दिला. गावाला पट्टा दिसला.

मंगळवारपासून आर्डिसला काही जाणवत नव्हतं. रडू नाही, भूक नाही. दाताच्या डॉक्टरनं भुलीची सुई दिल्यावर गालाचं जसं होतं, तसं तिच्या सगळ्या अंगाचं झालं होतं. अंत्यविधीवाल्या माणसानं कागद पुढे करून काय काय विचारलं, तर "ड्वेनला विचारा" एवढंच तिनं सांगितलं. ड्वेन म्हणजे कोरीनचा धाकटा भाऊ, फार्गोला असतो. माणूस बरा, फक्त भित्रा.

एवढ्या सगळ्यात तिला एकच गोष्ट हवी होती. शवपेटीच्या मागून घरच्यांबरोबर चालत आत जायचं आणि पहिल्या बाकावर बसायचं. हे हवंय ते तिला पक्कं कळत होतं, पण मागायचं कसं, ते काही केल्या सुचत नव्हतं. कुणीतरी आपणहून म्हणेल म्हणून ती थांबली होती. आणि कुणी म्हणालं नाही, म्हणून शनिवारी सकाळी साडेआठला ती चर्चच्या तळघरात उतरली, कोट टांगला आणि एप्रन बांधला.

स्वयंपाकघरात लव्हॉन होती, बर्निस होती, आणखी दोघी होत्या. तिला पाहून सगळ्यांचे हात थांबले.

"तू आलीस?" बर्निस म्हणाली.

"पाळी आहे ना."

लव्हॉननं लोण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "लोणी मऊ झालंय," ती म्हणाली. "सुरी तिकडे आहे."

आर्डिस बन चिरून लोणी लावायला लागली. मग हळूहळू गप्पा सुरू झाल्या, कारण गप्प बसणं कुणालाच सोसेना. बाहेर शून्याखाली बावीस होतं. बर्निसनं फ्रिजमधून लाल जेलीचा साचा काढला.

"तुझी जेली थरथरतेय गं," एकीनं चिडवलं.

"थरथरू दे. मला जिना उतरताना पाहिलंयस ना? त्यापेक्षा बरी."

आर्डिस हसली नाही. हसायचं असतं हे तिला आठवलं, तोवर वेळ गेली होती.

दहाच्या सुमाराला ड्वेन दारातून डोकावला. अंगात काळा सूट, पायात बर्फाचे बूट.

"आर्डिस, तुझं इकडे काम आहे, नाही का?"

"आहे," ती म्हणाली.

तो क्षणभर घुटमळला आणि सुटका झाल्यासारखा निघून गेला.

पावणेअकराला पास्टरबाईंनी घरच्यांना समोरच्या खोलीत जमवलं. बाई गावात नव्या, वर्षही झालं नव्हतं. दार उघडं होतं. ड्वेन, त्याची बायको गेल, मुलं, सुना, नातवंडं, सगळी मिळून आठ माणसं. आर्डिसला सगळं दिसत होतं.

"घरचे सगळे आले?" पास्टरबाईंनी विचारलं.

ड्वेननं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आर्डिसची सुरी थांबली. आता म्हणेल, तिला वाटलं. आता म्हणेल.

"आले," ड्वेन म्हणाला.

आणि ते वर गेले. जिन्यावर पावलं वाजली, ऑर्गन सुरू झाला. आर्डिसनं पुढचा बन घेतला.

फ्रिजवर एक स्पीकर आहे, स्वयंपाकघरातल्या बायकांना प्रार्थना ऐकू यावी म्हणून. त्यातून पास्टरबाईंचा आवाज आला. कोरीन कुठे जन्मली, किती वर्षं शाळेची बस चालवली, तिला मधमाश्यांचा कसा नाद होता. "कोरीनच्या मागे भाऊ ड्वेन, भावजय गेल, भाचे आणि जिवलग मैत्रीण आर्डिस असा परिवार आहे."

बर्निसनं नळ बंद केला. कुणी आर्डिसकडे बघेना.

लव्हॉन स्टुलावर बसली. "मी गाढव आहे," ती म्हणाली. "गुरुवारी फोन ठेवला आणि लगेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तासभर फोनपाशी बसून राहिले. परत लावला नाही."

"मीही नाही लावला."

"जा वर. अजून अर्धा तास आहे."

आर्डिसनं स्वतःच्या लोण्याच्या हातांकडे पाहिलं. "आता मध्येच? दीडशे माना वळतील."

"वळू देत."

पण ती गेली नाही. पाय उचललेच नाहीत. शेवटचं गाणं तिनं फ्रिजकडे बघत ऐकलं.

जानेवारीत आमच्याकडे जमीन गोठून दगड झालेली असते, खणता येत नाही. पेटी एप्रिलपर्यंत दफनभूमीतल्या कोठीत राहते, तेव्हा विधी संपला की लोक सरळ खाली जेवायला येतात. तसे आले. भिंतीकडेनं रांग लागली, प्रार्थना झाली. पहिलं ताट घरच्यांचं, तोवर बाकी कुणी चमच्याला हात लावत नाही, ही इथली रीत. ड्वेन आणि त्याची माणसं वाढायच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

खिडकीचं शटर खालीच होतं.

"लव्हॉन," बाहेरून पास्टरबाईंचा आवाज आला, "घरचे थांबलेत."

लव्हॉननं शटर सर्रकन वर केलं आणि दोन्ही हात आडवे टेकवून खिडकीत उभी राहिली. "घरचे सगळे आले नाहीत अजून."

"ड्वेन म्हणाले की..."

"त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे." तिचा आवाज मोठा नव्हता, पण तळघरात हळू बोललेलंही सगळीकडे ऐकू जातं. "आर्डिसची बायको गेलीय. ती आधी ताट घेईल. तोवर मी वाढणार नाही."

कॉफीचं मोठं भांडं तेवढं गुडगुडत होतं. गेल बुटांकडे बघत राहिली.

बर्निसनं पाठीमागून आर्डिसच्या एप्रनची गाठ सोडली. आर्डिस दारानं बाहेर आली. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या, आणि वळल्या तरी काही झालं नाही. तिनं ताट घेतलं. लव्हॉननं त्यात बन ठेवला, जेली वाढली.

घरच्यांच्या टेबलाशी आठच खुर्च्या होत्या. आर्डिसनं ताट टेकवलं, भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्यांतली एक ओढून आणली, ड्वेनच्या खुर्चीशेजारी उघडली आणि बसली. ड्वेन ताट घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

"मी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," आर्डिस म्हणाली.

तो बसला.

"एप्रिलमध्ये पुरायला नेऊ," आर्डिस म्हणाली, "तेव्हा पेटीच्या मागे पहिली मी चालणार. तुम्ही माझ्या मागून यायचं."

ड्वेननं मान हलवली. "येऊ."

मग तिनं बन उचलला. चव काही लागली नाही, पण तिनं तो संपवला.