खोली अकराचा तक्ता

“आजी, कोपरापर्यंत हात धुवा. आणि ती अंगठी काढा आधी.”

लेकीचं बाळंतपण झालं त्या रुग्णालयातल्या, नवजात बाळांच्या वॉर्डाची नर्स म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. दारात जावई आणि मी, तिसरं कुणीच नव्हतं. म्हणजे आजी मीच! या पदावर रुजू होऊन अजून दोन दिवसही झाले नव्हते, त्यामुळे हाक कानाला नवी होती. मी निमूटपणे अंगठी काढून जावयाच्या हातात दिली आणि नळाखाली हात धरले.

माझी नात सहा आठवडे आधीच येऊन दाखल झाली होती. ही घाई तिने कुणाकडून घेतली कोण जाणे. आमच्याकडे तर सगळे आरामात चालणारे. वजन एक किलो सातशे. काचेच्या पेटीत ती मुठी आवळून झोपली होती, कपाळावर चांगल्या तीन आठ्या. फोटो पाहून ह्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानातून फोन केला होता, “अगदी तुझ्यावर गेलीय. रिपोर्ट तपासताना तू अशीच दिसतेस.”

रिपोर्ट हे माझं पोटापाण्याचं काम. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी माहितीशास्त्रज्ञ आहे. पाटी भारदस्त आहे, पण काम सांगायला सोपं. डॉक्टर मंडळी संशोधन करून लेख लिहितात. लेखाच्या शेवटी, आधीच्या कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला त्याची यादी देतात. त्या याद्या गोळा करायच्या आणि कुणाचा लेख किती जणांच्या यादीत आला ते मोजायचं. जास्त वेळा आला, तर काम लोकांच्या उपयोगी पडलं असं धरायचं. पंचवीस वर्षं मी हेच करतेय आणि खोटं कशाला बोलू, मला ते मनापासून आवडतं. तीस वर्षं कुणी न वाचलेला एखादा लेख अचानक चार देशांतल्या याद्यांत उगवतो, तेव्हा मला सकाळी सकाळी कुणाला तरी मिठी मारावीशी वाटते. ग्रंथालयात तशी सोय नाही. डॉक्टर मला पाठीमागे ‘मोजणीबाई’ म्हणतात आणि बढतीचे दिवस आले की तोंडावर ‘मॅडम’.

तर मी नातीकडे बघत बसले होते. इतक्यात नर्स वाटी-चमचा घेऊन आली. तिने पेटीवरचं वजन वाचलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवलं. “एक सातशे... ही ओळ,” असं स्वतःशीच पुटपुटत तिने दूध मोजून घेतलं. माझी नात चमच्याला अशी काही चिकटली की मला हसूच फुटलं.

मग माझी नजर त्या कागदाकडे गेली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

झेरॉक्सची झेरॉक्स काढून करडा पडलेला तक्ता. किती वजनाच्या बाळाला किती दूध, किती वेळाने. आणि वरच्या कोपऱ्यात हाताने काढलेलं चमच्याचं चित्र, दांडीवर एक वाकडी रेघ. ही रेघ मी ओळखत होते. तीनच आठवड्यांपूर्वी तिला हसले होते.

आमच्या बालविभागात खोली अकरा म्हणून एक कोपऱ्यातली खोली आहे. एक वजनकाटा, एक कपाट, वह्यांचा ढीग. तिथे एक सिस्टर एकोणीस वर्षं अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध कसं पाजावं याचा अभ्यास करतात. सगळे त्यांना चमचा सिस्टर म्हणतात, त्यांच्या देखत. आता ती खोली एक्स-रे विभागाला पेशंट बसवायला हवी होती. अधिष्ठात्यांनी मला सांगितलं, “मॅडम, या खोलीतलं काम कुणी वापरतं का, तेवढं मोजून द्या.” मी मोजलं. लेख चार, आणि ते सगळे मिळून इतरांच्या यादीत आले नऊ वेळा. शुक्रवारी रिपोर्ट देऊन टाकला. निर्णय सोमवारी अकराला. आज होता रविवार.

पाचवी एक गोष्ट होती. बारा वर्षांपूर्वी एका वैद्यकीय मासिकात संपादकांना लिहिलेलं एक पानी पत्र, त्यात हा तक्ता. ते मी गाळलं होतं. कारण माझा नियम! दोन पानांपेक्षा कमी असेल आणि पत्र असेल, तर मोजायचं नाही. डॉक्टर एकमेकांची स्तुती करणारी चार ओळींची पत्रं लिहून आकडे फुगवत, म्हणून मी तो केला होता. सहा महाविद्यालयांनी उचलला. मी त्यावर भाषणं ठोकली आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. आणि डॉक्टरांच्या मासिकात चमच्याचं चित्र बघून मला मोठी गंमत वाटली होती.

“हा कागद तुम्हाला कुणी दिला हो?” मी नर्सला विचारलं.

“दिला कुणी नाही. मी आले तेव्हा होताच. मी शिकत होते तिथेही होता.”

“पण तयार कुणी केला?”

“काय माहीत बाई! सगळीकडे असतो तो. असतोच.” ती दुसऱ्या पेटीकडे गेली आणि तिथेही बोट भिंतीवर फिरवलं.

आता बोला. इतकं सगळ्यांचं झालेलं काम की कुणाचं आहे हे विचारायचीही गरज कुणाला वाटली नाही. मग ते कुणाच्या यादीत येणार कसं, आणि मला दिसणार कसं? मला स्वतःची विलक्षण लाज वाटली. उद्या अकराला माझ्या रिपोर्टवर ती खोली बंद होणार होती, आणि माझी नात इथे त्याच खोलीच्या ओळीवर पोट भरत होती.

मी बाहेर येऊन ह्यांना फोन लावला. “अहो, मी चुकले.”

पलीकडून सावध आवाज आला, “कोण बोलतंय?”

“मस्करी पुरे! माझा रिपोर्ट चुकलाय.”

“मग दुरुस्त कर की. मोजायचं कसं ते तुला शिकवू का मी?”

खरंच, रडत बसण्यापेक्षा मोजायला हवं होतं. वैद्यकीय ग्रंथपालांचा आमचा फोनवर एक गट आहे. सेहेचाळीस रुग्णालयं, सेहेचाळीस ग्रंथपाल, आणि गटावर एरवी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी लिहिलं: ‘तातडीचं काम. रविवार आहे, कल्पना आहे, शिव्या उद्या द्या. तुमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात जा किंवा तिथल्या सिस्टरला फोन करा. भिंतीवर दुधाचा तक्ता आहे का? त्यावर चमच्याचं चित्र आणि दांडीवर वाकडी रेघ आहे का? फोटो पाठवा.’

अर्धा तास काहीच नाही. मग पहिला फोटो टपकला आणि पाठोपाठ रांग लागली. एक तक्ता प्लास्टिकमध्ये घातलेला, एक दुधाच्या डागांनी पिवळा पडलेला. एकाने भिंतीवरच रंगाने रंगवून घेतला होता. एका वॉर्डात कुणा हौशी नर्सने हाताने उतरवून शेजारी ससा काढला होता, पण चमच्याची वाकडी रेघ मात्र इमानेइतबारे तशीच. एक ग्रंथपाल तर आपल्या मुलाची क्रिकेटची मॅच सोडून गेले होते. “बाई, आमच्याकडे तीन आहेत! तीन धरणार की एक?” त्यांनी फोन करून विचारलं. “एक,” मी म्हटलं. नियम म्हणजे नियम.

ऊन उतरेपर्यंत सेहेचाळीसपैकी एकतीस झाले. लेक खाटेवरून म्हणाली, “आई, तू नातीला बघायला आलीस की ऑफिसला?” मी तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि सांगितलं, “दोन्हीकडे.”

सोमवारी अकराला मी बैठकीत उभी राहिले. “माझा रिपोर्ट चुकलाय. तो कृपा करून बाजूला ठेवा.”

अधिष्ठात्यांनी चष्मा काढला. “पंचवीस वर्षांत हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोय, मॅडम.”

मी छापून आणलेले एकतीस फोटो टेबलावर पसरले आणि काय झालं ते सांगितलं. एक्स-रे विभागाचे प्रमुख खवळले. “भिंतीवरचे कागद म्हणजे संदर्भ नव्हेत! हे तुम्हीच आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवलंत. माझी किती पत्रं गाळलीत तुम्ही!”

“सतरा,” मी म्हटलं. “आणि गाळली ते योग्यच होतं, डॉक्टर. पण हे गाळलं ती माझी घोडचूक. काम कुणी वापरतं का, असं मला विचारलं होतं. कुणी लिहिलंय का, असं नाही. मी सोपं तेवढंच मोजलं.”

नातीचं नाव मी काढलं नाही. तिथे काढलं असतं तर आवाज फुटला असता.

अधिष्ठाते एकेक फोटो उचलून बघत राहिले. ससा त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिला. मग म्हणाले, “मॅडम, खरं सांगा, माझे दीडशे लेख आहेत. त्यातला एखादा कुठे भिंतीवर?”

“एकही नाही, सर.”

सगळी बैठक हसली, एक्स-रेवालेसुद्धा. खोली राहिली. पेशंट बसवायला जुनी फाइलींची खोली रिकामी करून द्यायचं ठरलं.

मी फोटो गोळा करून जवळजवळ धावतच खोली अकरात गेले. सिस्टर वजनकाटा पुसत होत्या. मी शुक्रवारच्या रिपोर्टापासून सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. त्या रागावतील अशी तयारी होती. त्यांनी पहिला फोटो हातात घेतला आणि किंचाळल्या, “अगं बाई! हा जुना तक्ता लावलाय यांनी?”

“म्हणजे?”

“दीड किलोखालची ओळ मी केव्हाच बदलली. एकीच्या दोन केल्या. चुकीची नव्हती, पण आता जास्त चांगली आहे. मासिकाला दोनदा पाठवली, म्हणाले एवढ्याशा पत्राला जागा नाही.” त्या भराभर फोटो उलटत होत्या. “इथेही जुनीच. इथेही. अहो, एकतीस ठिकाणी!”

मी फोटोंवर हात ठेवला. “आणि एक किलो सातशेची ओळ?”

“ती पक्की आहे. का हो?”

“माझी नात आहे तेवढी. परवा झाली.”

सिस्टरांनी फोटो खाली ठेवले. “ढेकर नीट काढतात ना तिची? पाजून लगेच आडवी नका करू देऊ.” आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “अभिनंदन हो, आजी.” मी तिथे, त्या वह्यांच्या ढिगाशेजारी, घळाघळा रडले. आनंदाचंच होतं ते.

दुपारी दोघींनी बसून नवा तक्ता केला. चमचा त्यांनी पुन्हा हातानेच काढला. मी म्हटलं, “खाली आता नाव घाला तुमचं. मोठ्या अक्षरांत.”

“नावाचं काय करायचंय? बाळ भुकेने रडत असताना नर्स काय माझं नाव वाचत बसेल?” त्यांनी जरा विचार केला आणि खाली लिहिलं: ‘अडलं तर विचारा, खोली अकरा,’ आणि टेबलावरच्या फोनचा नंबर.

सेहेचाळीस ग्रंथपालांनी तो तक्ता सेहेचाळीस वॉर्डांत पोचवला. महिनाभराने नात दोन किलोची झाली, हे सांगायला मी खोली अकरात गेले होते. सिस्टर मनापासून खूश झाल्या, वाढ वहीत टिपून घेऊ का म्हणाल्या. मी “घ्या” म्हणते आहे तोच टेबलावरचा फोन वाजला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सिस्टरांनी पदराला हात पुसले, केस सारखे केले, खुर्चीत ताठ बसल्या आणि फोन उचलला.

“खोली अकरा. हो, मीच. घाबरू नकोस गं, बाळ आहे ना समोर? मग आधी वजन सांग.” आणि त्यांनी तक्ता जवळ ओढून त्यावर बोट ठेवलं.