दाराजवळच्या बाकावरचा हात

ऑर्फा टिडवेलने पास्टर मार्लिन स्ट्राउड यांच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं पियानो वाजवला. ओक्लाहोमातल्या त्या तेलविहिरींच्या गावात, बंद पडलेल्या टायरच्या दुकानात, चौदा माणसांवर चर्च सुरू झालं तेव्हा उन्हाळ्यात रबराच्या वासाने डोकं उठायचं, आणि तरी ते दिवस बरे होते. आता सहा हजार खुर्च्या होत्या, प्रवचन टीव्हीवर दिसायचं, आणि निवडणूक जवळ आली की मोठमोठे पुढारी पास्टरांचा हात डोक्यावर ठेवून घ्यायला यायचे.

प्रवचनानंतर आवाहन व्हायचं. सगळ्यांनी माना खाली घालायच्या, डोळे मिटायचे. ऑर्फाने हळू वाजवत राहायचं. ज्याला येशूच्या हाती आयुष्य द्यायचंय त्याने हात वर करायचा. बघायचं फक्त पास्टरांनी. "दिसला हात, भावा," असं ते हलकेच म्हणत.

तिचा नवरा डॉइल तेलाच्या विहिरीवर कामाला होता. दर रविवारी तिला ट्रकमधून घेऊन यायचा आणि टोपी मांडीवर ठेवून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. देवाशी आपलं भांडण नाही, नुसती ओळख नाही, म्हणायचा. येशूला आपलं म्हण, हात वर कर, म्हणून ती मात्र रोज रात्री जेवताना त्याच्या मागे लागायची.

चर्चच्या तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका रविवारी पास्टर म्हणाले, "दिसला हात, दाराजवळच्या भावा."

ऑर्फाची बोटं चुकली. पण बघायचं नाही म्हणजे नाही. तिने डोळे उघडले नाहीत. परतताना विचारलं, तर डॉइल म्हणाला की भूक लागलीय. लाजतोय, असं तिला वाटलं. त्यानंतर ती त्याच्या मागे लागली नाही. गुरुवारी विहिरीवर दोर तुटला आणि वरचं लोखंड त्याच्या अंगावर आलं.

डॉइल तारण पावून गेला, थेट स्वर्गात पोचला, असं पास्टरांनी दफनाच्या वेळी सांगितलं. त्या एका वाक्यावर ऑर्फाने आयुष्य काढलं. दुसरं लग्न केलं नाही, पियानोचा एक पैसा घेतला नाही.

चर्चच्या पन्नाशीला नवे पास्टर शिकायला आले होते. ऑर्फा त्यांना कॉफी देत होती. स्ट्राउडसाहेब चौऱ्याऐंशीचे झाले होते, पण आवाज तसाच होता.

"बाळांनो, पहिला हात कधीच कुणाचा नसतो. हातपंपात आधी वरून डबाभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे खालचं वर येतं. रिकाम्या जागेकडे बघून म्हणायचं, दिसला. त्या टायरच्या दुकानात तर मी भिंतींनासुद्धा तारलंय."

पोरं पोट धरून हसली. ऑर्फाने किटली खाली ठेवली.

सगळे पांगल्यावर ती त्यांच्यासमोर बसली. "मार्लिन, डॉइलचा हात?" आजवर तिने त्यांना नुसत्या नावाने हाक मारली नव्हती.

"डॉइल कोण गं?"

"माझा नवरा. दाराजवळ बसायचा तो."

ते आठवत राहिले. "पन्नास वर्षं होत आली, ऑर्फा. केलाही असेल वर. पण दाराजवळचा असं मी नेहमीच म्हणायचो. मान वळवून मागे कोण बघतंय?" मग तिचा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "तू धर ना विश्वास. त्यात तुझं काय जातंय?"

"माझं काही नाही. त्याचे चार दिवस गेले," ऑर्फा म्हणाली. "रविवार ते गुरुवार. मी रोज विचारलं असतं त्याला. तुम्ही दिसला म्हणालात, म्हणून गप्प बसले."

सवयीने पास्टरांनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि तिच्यासाठी प्रार्थना सुरू केली. प्रार्थना सुंदर होती. त्यांच्या सगळ्याच असायच्या. ऑर्फा उघड्या डोळ्यांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग उठली. ते आमेन म्हणाले तेव्हा तिची गाडी फाटक ओलांडून रस्त्याला लागली होती.