हरसूलकडची

स्टीलच्या झाकणातली खुरासणीची चटणी कुणी बोटानंही उकरली नव्हती... मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यांची झाकणं टेबलाच्या मधोमध यायची, ज्याला जे हवं ते घ्यावं, ही स्टाफरूमची जुनी रीत; आणि आज योगिनीच्या झाकणाभोवती तेवढी जागा मोकळी, कुणी न ठरवता. हे असंच सुरू होतं, ललिताला ठाऊक होतं. आधी हातचं खाणं बंद होतं, मग पाणी. गावाकडे भागीकाकीचंही असंच झालं होतं — आणि तरी ललिताचा स्वतःचा हात पोळीवरच राहिला, चटणीकडे गेला नाही.

योगिनीनं वर्गात इतिहासच शिकवला होता. तीनशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं एक कर्मठ गाव, आणि त्यानं चेटकिणी म्हणून फासावर दिलेल्या शेजारणी. ज्यांनी गुन्हा कबूल करून दुसऱ्यांची नावं सांगितली त्या वाचल्या. ज्या नाही म्हणाल्या त्या लटकल्या. एवढ्यावर थांबली असती तर... पण ती म्हणाली, आपल्या जिल्ह्यातही डोंगरातल्या एका बाईला भुताळी ठरवून गावानं हाकललंय. ज्यांना प्रश्न नको असतात त्यांना अशी एक बाई लागतेच, गावाला लागते तशी सरकारलाही. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर झेंडे. ती बाई म्हणे रचलेली, मॅडम देशद्रोही. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, असं चौकशी समितीनं खोदून खोदून विचारलं, तरी योगिनीनं नाव घेतलं नाही. सांगणारी ललिता होती.

दुपारी तिला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. समितीचे अध्यक्ष जिभेवर साखर ठेवून बोलणारे.

“तुम्ही हरसूलकडच्या ना, मॅडम? तिकडे असलं भुताळी-बिताळी कधी झालंय? नसेल तर नाही म्हणा, म्हणजे आम्ही मोकळे.”

आणि हो म्हटलं तर योगिनीची नोकरी वाचेल, हे तिला दिसत होतं. पण मग कुठलं गाव, कुणाच्या घरातली — आणि ललिता तर अजून कायमही नव्हती... ललिताच्या लहानपणी गावच्या भगतानं तिच्या आईलाही असंच, अगदी मायेनं विचारलं होतं. अंगणात सारं गाव, कौल पाहायला सुपात तांदळाचे दाणे.

“तुझा पोर तापला तवा घरात कोण आली व्हती गं?”

“भागी आली व्हती. पेज घिऊन.”

खरं तेच आई बोलली. काकी आपल्या घरची पेज घेऊन आली होती, रात्रभर पोराच्या उशाशी बसली होती, आणि तेवढं खरं गावाला पुरलं. तेव्हापासून ललिता आईशी कधी धड बोलली नाही. एक खोटं बोलता आलं नसतं का तुला? एकच?

“नाही, सर,” ललिता म्हणाली. “असं काही ऐकण्यात नाही.”

किती सहज आलं. चहाही संपवला तिनं.

बाहेर बाकावर योगिनी बसली होती. तिनं ललिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली.

“नाही म्हणालीस ना? बरं केलंस. तुझं घर यात नको गं, ललिता.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ललिता बसली नाही. रडण्याचाही हक्क आपला नाही असं वाटत होतं. काकीला गावानं गावातून काढलं. ती होती, तिनं पेज रांधली होती, एवढं तरी उरलं होतं. ते आज आपण पुसलं.

रोज कॉलेजला येताना पेठ फाट्यावर मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या बायकांचे चेहरे ती बसच्या खिडकीतून न्याहाळत असे, काकी अजून कुठेतरी असेल या आशेनं. उद्या मात्र... उद्या त्यातल्या एखादीनं मान वर करून ओळखलं तर, याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.