चुलीवर वाळलेले तंतू

या, अशा जवळ सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एका हाराची गोष्ट सांगते.

म्हैसूरच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, विजेचे दिवे तेव्हा नवेच होते. रामनवमीला देवळात कीर्तन असे. पूर्वरंग संपला की बुवांच्या गळ्यात हार पडायचा, तो नर्मदाबाईंच्याच हातचा. लग्न होऊन आल्यापासूनची ती त्यांची सेवा. हाराला सुती दोरा चालत नसे. केळीच्या खोडाच्या सोपटातून काढलेले तंतू लागत. ते ओल्या फडक्यात विहिरीपाशी ठेवलेले असत.

त्या वर्षी घरात नवी सून आली होती, अंबुजा. ओलं फडकं पाहून तिला वाटलं, हे कुजणार. तिनं तंतू काढून चुलीवरच्या फळीवर वाळत टाकले. भलं करायला गेली बिचारी!

देवळाच्या ओसरीवर नर्मदाबाई मोगरा घेऊन बसल्या, अंबुजा तंतू घेऊन शेजारी. गाठ आवळली, तंतू तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. वयानं बोटं बधिर झालेली, ओलं-कोरडं त्यांना उमगेना.

शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, "पुरे की आता, नर्मदे! सून काय नुसती मिरवायला आणलीस?"

नर्मदाबाईंचे डोळे भरले. "हात गेले गं माझे, अंबुजे. आजपासून ही सेवा तुझी."

ती सेवा आपल्याकडे यावी असं अंबुजेच्याही मनात होतंच. नुसती गप्प बसली असती, तरी ती मिळाली असती. आत पूर्वरंग संपत आलेला.

तिनं एक तंतू उचलला. कुडकुडीत! तो तांब्यात बुडवला, थोडं थांबली, मग बोटाभोवती गुंडाळला. तुटला नाही. तंतू म्हणजे बारीक नळ्यांची जुडीच. त्या नळ्यांच्या भिंती पाणी प्याल्या की वाकतात, तहानल्या की मोडतात. अशी देवाची करणी!

"अय्यो, आत्याबाई, तुमचे हात नाही गेले! मीच तंतू चुलीवर वाळवले."

नर्मदाबाईंनी एक कोरडा तंतू मोडून पाहिला. मग हसू फुटलं. "रामनवमीच्या हाराचे पापड केलेस होय गं? बस इथे. तू भिजवून दे, मी बांधते."

बुवांनी ओसरीकडे पाहिलं आणि आणखी एक पद लावलं. ते संपता संपता हार आत गेला.

नर्मदाबाईंचं नाव अग्रहारात अजून निघतं. पण ओंजळीत आलेली सेवा जिनं खरं बोलून परत केली, त्या अंबुजेची तुम्ही आठवण ठेवा हो.