वन्संनी आणलेला दिवा

बेकरीत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. मालकसुद्धा, आणि तो तर त्यांच्याहून वयाने मोठा. केकवर क्रीमची फुलं काढावीत तर वहिनींनीच, असा त्यांचा लौकिक होता. मग एके दिवशी काम करता करताच हातातली क्रीमची पिशवी गळून पडली, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेवर दवाखान्यात पोचल्या म्हणून निभावलं. हळूहळू बोलणं परतलं, चालणंही परतलं. उजव्या हाताची बोटं मात्र रुसून बसली ती बसलीच.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एका वाटीतले वाटाणे चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. वहिनींनी काही दिवस इमानेइतबारे टाकले. मग एका दुपारी वाटी धाडकन ढकलून दिली.

"मी काय चिमणी आहे दाणे टिपायला?"

नवरा वाकून जमिनीवरचे वाटाणे गोळा करू लागला. हल्ली सगळं तोच करायचा. बटणं लावून द्यायचा, घास लहान करून द्यायचा, चपलेचा पट्टासुद्धा अडकवायचा. त्या मायेनेच वहिनींचा जीव गुदमरत होता, पण हे त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने?

रविवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायच्या आणि घरीदारी सगळ्यांना विद्यार्थीच समजायच्या. आल्या आल्या त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा खोका आणि लॅपटॉप ठेवला.

"वहिनी, माझं एक काम अडलंय. शाळेतल्या मुलांना दाखवायला हे जोडून हवंय. भोकं बारीक, तारा बारीक. माझा चष्मा काही दाद देत नाही."

"माझा हात तरी कुठे देतोय?"

"मग दोघींचा मिळून एक माणूस होईल. बस."

खोक्यातून तारा खोचायची, भोकाभोकांची एक पांढरी पट्टी निघाली. "हा ब्रेडबोर्ड," वन्सं म्हणाल्या.

"याच्यावर ब्रेड कापला तर मालक मला घरी बसवेल," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या, कारण घरी तर त्या बसलेल्याच होत्या. पण वन्संना हसू आवरेना, आणि मग त्यांनाही आवरेना. स्वयंपाकघरातून नवऱ्याने डोकं बाहेर काढून पाहिलं.

खोक्यात काडेपेटीएवढा निळा बोर्डही होता. लॅपटॉपवर सूचना लिहायच्या, त्या या बोर्डात भरायच्या, मग बोर्ड सांगेल तसा दिवा पेटतो, असं वन्संनी समजावलं. दिवा म्हणजे तांदळाहून जरा मोठा एलईडी, केसासारखे दोन पाय असलेला. वहिनींनी तो उजव्या चिमटीत धरला. पडला. परत धरला. परत पडला, या वेळी टेबलाखाली. नवरा धावत आला.

"दादा, तू चहा टाक," वन्संनी त्याला वाटेतच अडवलं. "आणि हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नकोस."

वहिनींनी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

कपाळावर घाम आला, पण दिवा भोकांत बसला. पेटला मात्र नाही. पाय उलटे पडले होते. काढून पुन्हा बसवायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. वन्सं हाताची घडी घालून बसून राहिल्या. शेवटी दिवा नीट बसला आणि चालू झाला. पेटला, विझला. पेटला, विझला.

"शाब्बास!" वन्संनी टाळी वाजवली.

वहिनींनी तोंड फिरवलं होतं.

"काय झालं गं?"

"बंद करा. त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये असाच होता. वरचा दिवा. काचेवर लाल व्हायचं, मग काळं. दर वेळी काळं झालं की वाटायचं, आता परत लाल होत नाही."

त्या दिवसाबद्दल त्या आजवर कोणापाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. वन्संनी गुपचूप वायर उपटली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता. काही वेळाने वन्सं सामान आवरू लागल्या, तशी वहिनींनी खोक्यावर हात ठेवला.

"राहू द्या. त्याला असं उघडमीट करायला नका सांगू. मेणबत्तीसारखं जळायला सांगा."

"ते मला येत नाही," वन्संनी कबूल केलं. हे शब्द त्यांच्या तोंडून वहिनी पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग शोधू या की."

दोघी लॅपटॉपवर वाकल्या. उजेड कमीजास्त करायचा तर तार बोर्डाच्या दुसऱ्या भोकात हवी, असं कळलं. वहिनींनी ती हलवली. बोटं थरथरली, चुकली, मग जागेवर गेली. आता बोर्डाने दर वेळी मनाला येईल तो आकडा उचलायचा आणि तेवढाच उजेड द्यायचा.

दिवा लागला आणि दोघींनी कपाळाला हात लावला. बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा तो तडफडत होता.

"शून्यापासून आकडे घेतोय ना तो?" वहिनींनी विचारलं. "केकवरच्या मेणबत्त्या जन्मभर बघितल्यात मी. ज्योत वाऱ्याने दबते, पण काळोख करून परत पेटत नाही. खालचा आकडा वाढवा. आणि घाई कमी करा त्याची."

वन्संनी आकडे बदलले. पिवळा उजेड जरा लवला, सावरला, पुन्हा हलकेच थरथरला. विझला नाही. नवरा न बोलावताच चहा घेऊन आला, कप ठेवायचा विसरून तसाच उभा राहिला.

"दादा, चहा सांडतोय," वन्सं म्हणाल्या.

जाताना वहिनी खोका देऊ लागल्या, तर वन्संनी तो परत सरकवला. "राहू दे. शाळेत ढीग पडलाय."

"मग काम अडलं होतं ते?"

"अडलं होतंच की," म्हणून वन्सं जिना उतरल्यासुद्धा.

पुढच्या आठवड्यांत टेबलावर एकाचे अनेक दिवे झाले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले, वहिनींची चिमूट दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "वाटाण्यांचं राहू द्या. हेच करा." आता वहिनी सकाळच्या वेळी बेकरीत जातात, पॅकिंगच्या टेबलापाशी बसतात. रिबिनीची गाठ सैल पडली तर सोडून पुन्हा मारतात. दुसरं कोणी मारायला आलं तर हात झटकतात. काल त्यांनी वन्संना फोन केला.

"रविवारी येताना लांब तारा आणा. या आखूड पडतात मला."