मॅडमना फोन करा

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं ते सुनेच्या फोनमुळे. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. तिथलं जुनं काम सगळं हिच्या हातचं, त्यामुळे कुणाचं काही अडलं की फोन हिलाच. अमुक फाइल कुठे आहे, तमुक का चालत नाही. ऑफिसात माणसं आहेत की कुक्कुली बाळं, असं मी विचारलं तर हसते. इकडे मला त्या डोळ्याने समोरचं माणूस ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, सोबत दिवसभर कुणीतरी हवं. मुलगा परगावी, म्हणजे सोबत हीच.

शेवटी तिने उपाय काढला. ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर एआय बसवला. बाहेरच्या एआयला विचारायची सोय नव्हती. हिच्या कंपनीकडे दवाखान्यांतल्या रोग्यांची माहिती असते, ती इमारतीबाहेर जाऊ द्यायची नाही. हा आपला घरचा, इंटरनेटसुद्धा न लावलेला. तिने आजवर लिहिलेली सगळी टिपणं त्याला वाचायला दिली. ज्याला अडेल त्याने आता त्याला विचारायचं. मी पुन्हा तारीख घेतली.

आणि फोन दुप्पट झाले.

जेवताना फोन, अंघोळीला गेली की फोन. एकदा मीच उचलला आणि पलीकडच्याला खडसावलं, की एवढा एआय बसवून दिलाय तर त्याला विचारायला तोंड दुखतं का. तो बिचारा म्हणाला, "आजी, त्यालाच विचारलं. तोच म्हणतो, मॅडमना फोन करा."

सुनेने लॅपटॉप उघडून बघितलं. तिच्या प्रत्येक टिपणाच्या शेवटी एक ओळ होती: खात्रीसाठी मला फोन करा. खाली नंबर. एआयला वाटलं, हीच इथली रीत. उत्तर नीट द्यायचा आणि शेवटी इमानाने हिचा नंबर चिकटवायचा.

मी कपाळावर हात मारला. ती ओळ काढ म्हटलं. काढते म्हणाली, आणि काढेना. आज वेळ नाही, उद्या बघते. तारीख तोंडावर आली तसं माझं डोकं फिरलं.

"तुला ते फोन आवडतात," मी म्हटलं. "नाही म्हण बघू."

तिने लॅपटॉप ओढला, माझ्यासमोर सगळ्या टिपणांतून ती ओळ उडवली आणि एआयला टिपणं नव्याने वाचायला लावली. तोंड मात्र एवढंसं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी फोन गप्प. मला पट्टी बांधून बाहेर आणलं, तर ही फोन हातात घेऊन बसलेली. चालू आहे का बघते, आवाज वाढवते. शेवटी स्वतःच ऑफिसला लावला, काही अडलंय का म्हणून. काही नाही, एआयने सांगितलं सगळं, असं म्हणाले. "बरं," म्हणून तिने ठेवला. वाजला तरी त्रास, नाही वाजला तरी त्रास. पट्टी माझ्या डोळ्यावर आणि रडका चेहरा हिचा!

डोळ्यात थेंब कधी नि कसे टाकायचे ते नर्सबाईने आम्हा दोघींना समजावलं होतं. माझ्या पक्कं ध्यानात होतं. तरी गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अगं, ते थेंबांचं काय होतं? मला मेलीला काही कळलं नाही."

ती सरसावून बसली. सगळं सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं, मी न विचारता. घर आलं तरी तिचं चालूच होतं, आणि मी आपली हूं हूं करत होते.