डॉक्टर नाथन यांचे जंत

१९५६ साली पनवेलच्या बाजारात डॉक्टर नाथन यांचा दवाखाना होता. पोराला दारातून पाहूनच आपण दुखणं ओळखतो, असा त्यांचा समज होता, आणि तो गावभर पसरवण्यात ते स्वतःच पुढे असत. त्यामुळे तांदळाचे व्यापारी अय्यूब यांची आठ वर्षांची फहमिदा पोटदुखी नि उलट्या घेऊन आली, तेव्हा त्यांनी हातही न लावता सांगून टाकलं, "जंत!"

तिसऱ्या दिवशी सकाळी अय्यूबनी तिला खांद्यावर टाकूनच आणलं. डोळे खोल, जीभ कोरडी, आणि धाप अशी की पोर जणू कर्नाळा किल्ला चढून आलीय.

"न्यूमोनिया," डॉक्टर म्हणाले. ताप नव्हता, छाती स्वच्छ होती. पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. ते पेनिसिलिन भरू लागले.

"अहो," त्यांची बायको सिप्पोरा हळूच म्हणाली. दवाखान्यातली नर्सही तीच. "हिच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येतोय. तुम्हाला नाही येत?"

कसा येणार? वीस वर्षं तपकीर ओढून नाक केव्हाच निवृत्त झालेलं. पण असा वास कशाचा असतो, हे त्यांनी वाचलं होतं. त्यांनी अय्यूबना विचारलं, "तहान फार लागते का?"

"घागर तोंडाला लावते, साहेब. जंतांमुळेच ना?"

डॉक्टरांनी पेनिसिलिन बाजूला ठेवलं. लघवी तपासली, तर तिचे थेंब घालून दिव्यावर उकळताच निळं औषध विटेसारखं लाल झालं. मधुमेह! रक्तात आम्ल साठून पोर हातची चालली होती.

हात धुतो म्हणून ते आत गेले नि पुस्तकातून डोस पाठ करून आले. सलाईन लावलं. एका म्हाताऱ्या पेशंटसाठी माठात गार ठेवलेलं इन्शुलिन टोचलं. मग दर तासाला तपासणी, दर तासाला सुई. दुपारी तपासणीचा रंग लालवरून नारिंगीवर आला, संध्याकाळी हिरवटावर, म्हणजे साखर उतरली. तेव्हा त्यांनी ग्लुकोज चढवलं, तशी अय्यूब ताडकन उठले.

"साखरेनं बिघडली म्हणता, नि साखरच देता?"

"रक्तातलं आम्ल जाईपर्यंत इन्शुलिन थांबवता येत नाही. नुसतं तेच दिलं तर साखर फार खाली जाईल. हे पुस्तकात बघून सांगतोय, माझ्या मनाचं नाही."

थोड्या वेळानं धाप ओसरली. "अब्बा, पाणी," फहमिदा म्हणाली, आणि अय्यूब तोंड फिरवून रडले.

आठवड्यानं घरी नेताना ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही फरिश्ते आहात."

"मी दोनदा चुकलो. ओळखलं ते सिप्पोरानं."

"सुभानल्ला! एवढा मोठा माणूस, पण घमेंड नाही!"

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. अय्यूब छातीवर हात ठेवून अधिकच आदरानं ऐकत राहिले.

पलीकडे सिप्पोरा फहमिदाच्या आईला, सुगराला, संत्र्यात सुई खुपसून रोज घरी द्यायचं इंजेक्शन शिकवत होती. डॉक्टर जवळ जाऊन उभे राहिले, पण मधे बोलले नाहीत.